मनोऱ्यापर्यंतची भूमिगत वाट

उज्जैन नगरीचे आणि मोजणीच्या शास्त्राचे नाते पुरातन आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषशास्त्राने रेखांशाची गणना याच नगरीवरून जाणाऱ्या रेषेपासून केली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा उभारली. पुढे शिंद्यांची राजधानी म्हणूनही ही नगरी मराठी माणसास परिचित झाली. स्थान अचूक जाणण्याची ती विद्या आज एका निराळ्याच लोकोपयोगी कामी येत आहे. ते काम म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यांपर्यंत ऑप्टिकल फायबर केबल नेण्याचे नियोजन होय.

मनोऱ्यास तंतूची जोड कशासाठी?

आपला दूरध्वनी मनोऱ्याशी बिनतारी बोलतो. परंतु मनोऱ्याला पुढे केंद्राशी बोलावे लागते. हा पुढचा दुवा मायक्रोवेव्ह लहरींचा किंवा काचेच्या तंतूचा असतो. लहरींची वहनक्षमता मर्यादित असते आणि उच्च कंप्रतेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावतो आणि त्याची क्षमता कितीतरी अधिक असते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५-जी सेवेचा प्रारंभ झाल्यानंतर ही गरज अधिकच वाढली. उज्जैन येथे २०२८ साली सिंहस्थ पर्व भरावयाचे आहे. अशा जनसागरात चुकलेल्या मुलाच्या आईचा दूरध्वनी लागणे किंवा न लागणे हे पुष्कळ अंशी या न दिसणाऱ्या तंतूवर अवलंबून असते.

एकावर एक नकाशे

भू-स्थानिक संगणक-प्रणालीची कल्पना सोपी आहे. पारदर्शक कागदांवर निरनिराळे नकाशे काढून ते एकावर एक ठेवावेत, तसे येथे माहितीचे थर रचले जातात. पहिल्या थरात रस्ते, दुसऱ्यात जलवाहिन्या व गटारे, तिसऱ्यात वीजवाहिन्या, चौथ्यात जमिनीची मालकी, पाचव्यात मनोरे व अस्तित्वात असलेली केबल. क्यूजीआयएस नावाची अशी एक प्रणाली कोणासही विनामूल्य वापरता येते.

मात्र स्थाननोंद काटेकोर हवी. अंशाच्या दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानी एकाची चूक झाली, तर उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे ११ मीटरचा फरक पडतो. मोकळ्या शेतात तो खपून जाईल. गजबजलेल्या पेठेत तेवढ्याने रस्त्याची बाजूच बदलते.

जवळची वाट नेहमीच स्वस्त नसते

उदाहरणादाखल देवास गेट परिसराचा विचार करू. रेल्वे स्थानक जवळ, बसस्थानकाची वर्दळ आणि दाट दुकाने. समजा, केंद्रापासून मनोऱ्यापर्यंत सरळ वाट ८०० मीटरची आहे. तीत २०० मीटर माती, ५०० मीटर काँक्रीट व १०० मीटर रेल्वेची हद्द आहे. वळसा घालून जाणारी दुसरी वाट १,२०० मीटरची असून तीत ९०० मीटर माती व ३०० मीटर काँक्रीट आहे. मातीतील एका मीटरला १, काँक्रीटला ५ आणि रेल्वे हद्दीस १० असा खर्चाचा भार धरू. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

पहिल्या वाटेचा भार २०० अधिक २,५०० अधिक १,००० म्हणजे ३,७०० होतो. दुसऱ्या वाटेचा ९०० अधिक १,५०० म्हणजे २,४००. लांबची वाटच किफायतशीर ठरली. शेकडो मनोऱ्यांसाठी हाच हिशेब संगणक अल्पावधीत करून देतो.

दोन वाटा, एक मोरी

महत्त्वाच्या मनोऱ्यास दोन बाजूंनी जोड द्यावी, म्हणजे एक केबल तुटली तरी सेवा चालू राहते. परंतु दोन्ही वाटा एकाच मोरीखालून जात असतील, तर एका खोदकामात दोन्ही तुटतील आणि दुसऱ्या वाटेचा खर्च व्यर्थ जाईल. नकाशाचे थर एकत्र पाहिले की हा दोष आधीच ध्यानात येतो.

परवानगी आणि लोकांचे सहकार्य

मार्गाच्या परवानग्यांसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये गतिशक्ती संचार हे संकेतस्थळ सुरू केले. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे उपयोजन आले. खोदणाऱ्याने त्यावर पूर्वसूचना दिली की तेथील भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना ती पोहोचते.

तथापि, संगणकास जे सांगितले नाही ते त्यास कळत नाही. वीस वर्षांपूर्वी घातलेली नळवाहिनी कोणत्या झाडाजवळून वळली हे गावातील वृद्ध प्लंबरास ठाऊक असते. नकाशात ते नसते. म्हणून आखलेली वाट प्रत्यक्ष पायी चालून पाहणे आवश्यक आहे. ग्रामसेवकांनी जुन्या कामांच्या नोंदी उपलब्ध कराव्यात, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचे थरांचे नकाशे काढून घ्यावेत आणि नागरिकांनी विहीर, नळ वा कुंपणासाठी खोदण्यापूर्वी चौकशी करावी. कुदळीचा एक चुकीचा घाव गावाचे पाणी तोडतो, किंवा रुग्णवाहिकेस बोलावणारा आवाज. तो घाव टाळणे हेच या साऱ्या नियोजनाचे प्रयोजन आहे.