होडी वाळूत बसली, लेख होईल का?

प्रश्न : मी सेवाग्रामला राहतो. मालवणला भावाच्या भागीदारीत छोटी शिडाची होडी आहे. बोटमालकांच्या एका मासिकाने अनुभव मागवलेत. पण आम्ही ना समुद्र ओलांडला, ना वादळ पाहिलं. एकदा भरतीला नांगर टाकला आणि ओहोटीत होडी वाळूत रुतली, एवढंच. त्यावर काय लिहायचं?
– एक वाचक, सेवाग्राम

उत्तर : त्यावरच लिहा. लेखाला महासागर लागतो, हा गैरसमज आहे. होडी असलेल्या वाचकाला अशी फजिती जवळची वाटते.

नेमके तपशील द्या : होडीची लांबी, तिला लागणारं पाणी, तारीख, तिथी. भरतीनंतर साधारण सहा तासांत ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्तच उतरतं. होडी कलली तेव्हा कशाला धरलंत, पुढच्या भरतीपर्यंत काय केलंत, हे सांगा.

आठवण ताजी असतानाच टिपणं काढा. सेवाग्रामला पुढे आश्रम वसवणाऱ्या गांधीजींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिलं ते लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना, बोटीवरच. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत.

सलग लेख जमत नसेल तर रोजनिशी किंवा छायाचित्रांखालच्या ओळीही चालतील का, हे संपादकांना विचारा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मदतीला आलेल्यांची नावं, फोटो त्यांना विचारूनच छापायला द्या. आणि पाण्याची खोली अंदाजाने लिहू नका. त्या आकड्यावर विसंबून कुणी तिथेच नांगर टाकेल.