पुडी घेण्यापूर्वी आयुर्वेद काय सांगतो?

पेणच्या माझ्या दवाखान्यात परवा रोह्याचे एक काका आले. तहान फार, वजन उतरलेले. रक्तातील साखर तपासली तर ४०० च्या वर! "डॉक्टर, गोळ्या सोडल्या. आयुर्वेदिक पुडी घेतोय," काका म्हणाले. पुडीत काय आहे, हे मात्र त्यांना सांगता येईना.

वाचकहो, मी एमबीबीएस असलो तरी आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांवर हे शास्त्र उभे आहे. वात, पित्त, कफ सम असले की आरोग्य, बिघडले की रोग, हे त्याचे मूळ सूत्र. त्यात प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यातलाच एक. सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात व अपथ्याने होणारा असे दोन भेद केले. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला बहुधा स्थूल. आजच्या टाइप १ व टाइप २ शी हे बरेच जुळते. बैठे सुख, अति झोप, दही, गूळ यांना चरकाने कारण मानले. रोगाची परीक्षा आधी आणि औषध नंतर, हाही चरकाचाच दंडक. न तपासता दिलेली पुडी त्यात बसत नाही.

तेव्हा रोज चाला, पथ्य पाळा. आयुर्वेदिक औषध हवेच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच आणि आपल्या डॉक्टरांना सांगून घ्या. गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. टाइप १ च्या रोग्याच्या तर ते जिवावर बेतते.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत.