एमपीएचला प्रवेश घेताना : मान्यता कोणाची, कशाची आणि कधीपर्यंत?

कोविडनंतर सार्वजनिक आरोग्य या विषयाकडे मुलांचा ओढा वाढला आहे. बीएस्सी, नर्सिंग, बीडीएस, बीएएमएस, समाजकार्य अशा वेगवेगळ्या शाखांची मुलं 'एमपीएच करू का?' असं विचारतात. दोन वर्षं आणि लाखोंचं कर्ज यांचा हा प्रश्न आहे. त्यामुळे माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' हा एक शब्द वाचून निर्णय घेऊ नये.

आधी एक गैरसमज दूर करू. एमपीएच झाल्याने रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. ही पदवी साथींचा अभ्यास, आकडेवारी, आरोग्य योजना आणि धोरण अशा कामांसाठी आहे.

१. पदवी कोण देणार?
विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार मोजक्याच संस्थांना आहे. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ (उदा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ), अभिमत विद्यापीठ (उदा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा संसदेने तो अधिकार दिलेली संस्था (उदा. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, तिथे १९९७ पासून एमपीएच आहे). बाकीच्यांच्या प्रमाणपत्राला नाव काहीही असो, ती पदवी नव्हे. सरकारी जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' अशी अट असली की मुलगा तिथेच अडकतो.

२. नॅकची श्रेणी कशाची?
नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करते, एकट्या एमपीएचचं नाही. श्रेणीला मुदतही असते. म्हणून श्रेणी बघा, पण अभ्यासक्रम वेगळा तपासा. जैवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती? प्रत्यक्ष क्षेत्रकार्य कुठे आणि किती आठवडे? मागच्या दोन तुकड्या आज कुठे काम करतात? शक्य झालं तर त्यांतल्या दोघा-तिघांशी बोलाच.

३. अमेरिकेत जायचं असेल तर?
तिथे विद्यापीठाच्या मान्यतेखेरीज सार्वजनिक आरोग्याचे विभाग आणि अभ्यासक्रम तपासणारी 'सेफ' ही स्वतंत्र परिषद आहे. तिच्या निकषांनुसार एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटची हवी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही हवा. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्तांची यादी आहे. अर्ज केलेल्यांची यादी वेगळी असते. 'अर्ज केला आहे' म्हणजे 'मान्यता मिळाली' नव्हे!

४. ऑनलाइन असेल तर?
भारतातल्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची परवानगी त्याच वर्षासाठी आणि त्याच विषयासाठी आहे का, हे पाहा.

शिक्षकांसाठी उपक्रम : वर्गात दोन माहितीपत्रकं द्या. मुलांनी प्रत्येक दाव्यापुढे 'कोणाची, कशाची, कधीपर्यंत' हे लिहायचं आणि ते मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळायचं. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नाही. ज्या दाव्यापुढची जागा रिकामी राहील, तो प्रश्न प्रवेश शुल्क भरण्याआधी पालकांनी लेखी विचारावा.