जंतूंवर स्निग्ध द्रव्यांचा अंकुश

कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात कासदाह, म्हणजेच दगडी, हा गोठ्याचा मोठा शत्रू. तो निर्माण करणाऱ्या जंतूंपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियस विशेष चिवट आहे. प्रतिजैविके अपुऱ्या मात्रेत वारंवार दिल्यास तो त्यांना दाद देईनासा होतो. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो.

जंतूच्या पेशीचे पटल मेदाम्लांपासून बनते व ती मेदाम्ले तो विकरांच्या साहाय्याने स्वतःच तयार करतो. १९६०च्या सुमारास जपानमध्ये एका बुरशीपासून मिळालेले सेरुलेनिन हे द्रव्य मेदाम्लाशी मिळतेजुळते आहे. विकर त्याला कच्चा माल समजून जवळ करते आणि कायमचे जखडले जाते. पटलाची बांधणी थांबते. परंतु माणसाच्या शरीरातील तशाच विकरालाही ते सोडत नाही, म्हणून त्याचा उपयोग प्रयोगशाळेपुरताच राहिला.

बुरशी व शैवालांत आढळणारे लिनोलेइक आम्ल याच जंतूचे मेदाम्ल घडविणारे एक विकर अडविते, असे दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००५ साली दाखविले. हे आम्ल करडईच्या तेलातही विपुल असते. मात्र तेल चोळून दगडी बरी होईल, असा त्याचा अर्थ नव्हे. तेलात ते ग्लिसरीनशी बांधलेले असते. तूर्त स्वच्छ दोहन व पशुवैद्याने ठरविलेली पूर्ण मात्रा यांना पर्याय नाही.