चिखलाचं काय घेऊन बसलीस?

अगं, एवढी कसली धास्ती घेतलीस? खारघरच्या शाळांची माहितीपत्रकं आधी बाजूला ठेव आणि चहा घे. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, तिसऱ्या वर्षी एबीसीडी, सगळं वाचलं मी. तुझं मन मात्र झाडाखाली भरणाऱ्या त्या बालवाडीत अडकलंय आणि सासूबाई म्हणतात, "फी भरून पोराला मातीत लोळायला पाठवायचं?"

खरं सांगू का, हे नवं खूळ नाहीच. लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मॅकमिलन भगिनींनी १९१४ मध्ये उघड्यावरची बालशाळा काढली, कारण गरीब वस्तीतली मुलं कोंदट खोल्यांत आजारी पडत होती. मोकळी हवा, आंघोळ, पोटभर जेवण हाच तिथला पहिला धडा.

आणि आपल्याकडे? आजच्या पालघर जिल्ह्यात बघ. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, जोडीला अनुताई वाघ. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाईंना मॉन्टेसरी पद्धत पटलेली होती, पण ते महागडं साहित्य खेड्यात कुठून आणणार? मग शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच भागवलं. वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तर बाईच त्यांच्या अंगणात गेल्या. आधी हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. ती अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही भरली. सरकारी अंगणवाड्या आल्या त्या १९७५ मध्ये, बरं का.

"पण लिहायला कधी शिकणार?" शिकेल गं! बिया निवडताना बोटं तयार होतात, खेळात भांडताना बोलणं येतं. नव्या शिक्षण धोरणातही पहिलीचं वय सहा पूर्ण असंच आहे, मग तुला कसली घाई? पांढऱ्या कपड्यांचा सोस तेवढा सोड. मी लेकीला पहिल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा फ्रॉक घालून पाठवलं होतं! तो पुढे फरशी पुसायला कामी आला.

मात्र नुसतं झाड बघून भुलू नकोस. जुलैत पाऊस कोसळला की मुलं कुठे बसतात? ऑक्टोबरच्या उन्हात किती वाजेपर्यंत बाहेर असतात? डासांचं काय करतात? एका ताईकडे किती मुलं? स्पष्ट विचार, लाजायचं नाही. दप्तरात कपड्यांचा जादा जोड आणि एक प्लॅस्टिकची पिशवी कायम ठेव.

आणि शाळा बघायला सासूबाईंना घेऊनच जा. नळ आणि संडास त्यांना तपासू दे. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही, आणि तेवढ्या वेळात तू पोराला खेळताना बघ.