लिहितानाच गाणं नकोसं का होतं?

प्रश्न : मी एका सूतगिरणीच्या कार्यालयात काम करते. बिलांवर शिक्के मारताना, फायली लावताना किशोरकुमारची गाणी चालू असली की काम भराभर उरकतं. पण पत्राचा मसुदा लिहायला घेतला की तीच गाणी नकोशी होतात, एकच वाक्य पुन्हा पुन्हा खोडावं लागतं. गाणी तर माझ्या आवडीची! शिवाय माझी आजी दळता दळता ओव्या रचायची. मग मलाच का जमत नाही?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्हाला जे जमत नाही ते बहुतेकांना जमत नाही, आणि तुमच्या आजीलाही ते करावं लागत नव्हतं. जात्याचा खुंटा हातात आला की पुढचं काम हात आणि खांदे करतात. जीभ मोकळी, मन मोकळं. म्हणून तर तिथे सासर-माहेर, विठ्ठल, भाऊ, दुष्काळ असं सगळं आयुष्य ओवीत उतरलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मराठी बायकांनी स्वतःविषयी जे सांगितलं, त्याचा एवढा मोठा ठेवा दुसरा नसेल, आणि तो कामाच्या वेळी रचला गेलेला आहे. शेतातली भलरी त्याच जातीची. तिथे तर गाण्यामुळे सगळ्यांचे हात एका चालीने पडतात.

तुमचे शिक्के आणि फायली याच रांगेत बसतात. पत्र बसत नाही, कारण लिहिताना आपण प्रत्येक शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो. ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात या मनातल्या उच्चाराला महत्त्वाची जागा आहे. कानावर पडणारं बोलणं आपण ठरवलं नाही तरी तिथे शिरतं. एकाच अरुंद दारातून किशोरकुमारचे शब्दही येणार आणि तुमचेही, म्हणजे धक्काबुक्की आलीच. बॅडले यांनी पिएर सलामे यांच्यासोबत १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आकडे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितलं, तेव्हा गायलेल्या गाण्यांनी नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा आणला.

मग न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावावीत, असा सल्ला हमखास मिळतो. तो फारसा उपयोगाचा नाही. १९७६मध्ये कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना जर्मन मजकुराचं वाचन ऐकवलं. अर्थ कळत नव्हता, तरी अक्षरं लक्षात ठेवताना ते चुकत होते. अर्थापेक्षा आवाजातला सततचा बदल त्रास देतो, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पंख्याची एकसुरी घरघर म्हणूनच विसरता येते.

आता आवडीचं. आवडतं गाणं कमी अडवत असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. निक पेरहॅम आणि जोआन विझार्ड यांनी २०११मध्ये नेमकं हेच तपासलं आणि क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात आवडतं संगीत नावडत्याइतकंच आड आलं. पण म्हणून आवडीला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. टेरेसा लेसिअक यांनी कॅनडातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत अभ्यास केला, तो २००५मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः निवडलेलं संगीत कामाच्या वेळी ऐकणाऱ्यांचं मन प्रसन्न राहत होतं आणि संगीत बंद असताना कामाचा दर्जाही घसरत होता. माझ्या मते तुमच्या फायली भराभर उरकतात त्यामागे हीच प्रसन्नता आहे. कंटाळवाण्या कामात ती फार मोलाची असते.

हे बीबीसीने युद्धकाळातच ओळखलं होतं. २३ जून १९४०पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम कारखान्यांसाठी सुरू झाला आणि १९६७पर्यंत चालला. त्यात बहुतेक ओळखीच्या चाली, त्याही वाद्यांवर. टाळ्यांचा ठेका असलेलं ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ मात्र वगळावं लागलं, कारण टाळीच्या जागी कामगार हातातली हत्यारं ठोकू लागत!

राहिला तुमचा मसुदा. १९९३मध्ये गाजलेला, मोझार्टचं संगीत ऐकवून चाचणी घेण्याचा प्रयोग लोक अर्धाच सांगतात. त्यातल्या विद्यार्थ्यांनी सोनाटा दहा मिनिटं ऐकला तो चाचणीच्या आधी, चाचणी चालू असताना नव्हे. जो थोडा फायदा दिसला तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तो मोझार्टचा नसून मनाला आलेल्या तरतरीचा होता, असं थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी २००१मध्ये दाखवलं. तेव्हा शिक्के मारून झाले की किशोरकुमारचं एक गाणं, दुसरं काहीही न करता, पूर्ण ऐका. मग ते बंद करून पत्राला बसा. लिहितानाही काही हवंच असेल तर तंबोऱ्याचा नुसता सूर संथ लावून पाहा. त्यात ना शब्द, ना फारसा चढउतार.