गुंजीच्या तांबड्या मातीला चुना की जिप्सम?

प्रश्न : गुंजीत भातखाचर आणि परसात भाजीचे वाफे आहेत. माती सुधारायला चुना घालू की जिप्सम?

उत्तर : चुनाच, पण आधी माती तपासून घ्या. खानापूर भागातल्या धुवांधार पावसात कॅल्शियम वाहून जातं आणि माती आंबट होते. वाफ्यांचा सामू ५.५ च्या खाली असेल, तर लावणीआधी तीन-चार आठवडे चुनखडीची भुकटी अहवालातल्या मात्रेने मिसळा. भुकटी चिमटीत चोळून पाहा. पिठासारखी लागली पाहिजे, कणीदार असेल तर तिचा गुण फार उशिरा येतो. सोबत युरिया टाकू नका, नत्र उडून जातं. खाचरात पाणी साचलं की सामू आपसूक चढतो, तिथे घाई नको. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध. त्याने आंबटपणा जात नाही. भुईमूग केलात, तर आऱ्या सुटताना मात्र जरूर द्या, शेंगा भरतात.